महाकाय विषाणू पेशीला कसे बदलतात: काही मिनिटांपासून कोट्यवधी वर्षांपर्यंत

कुर्ला, पवई, वांद्रे ही मुंबईतली ठिकाणं आता विषाणूंच्या यादीतही सापडतात. पवईच्या आयआयटीत किरण कोंडाबागील यांच्या गटाने मुंबईचं सांडपाणी, तलावाचं पाणी, नळाचं पाणी तपासलं आणि त्यातले महाकाय विषाणू अमिबांच्या संवर्धनात वाढवले. त्यातून कुर्लाव्हायरस, पवई लेक मेगाव्हायरस, बांद्रा मेगाव्हायरस अशी नावं पुढे आली. सांडपाण्यात मिळालेल्या मिमिव्हायरस बॉम्बेचा जनुकसंच (जीनोम) २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

मी गोव्यात हायर सेकंडरीला जीवशास्त्र शिकवते. वर्गात हे सांगितलं की मुलांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "टीचर, आमच्या बांयच्या (विहिरीच्या) पाण्यात हे असतील?" आणि "त्यांच्यामुळे आपण आजारी पडू?" पहिल्याचं उत्तर असं की हे विषाणू प्रामुख्याने अमिबा आणि एकपेशीय शैवाल यांच्यात वाढतात. भातशेतीचा चिखल, खाजनातलं पाणी, करमळीचं तळं, घराच्या गच्चीवरची टाकी, कुठेही अमिबा असतातच. जिथे अमिबा तिथे त्यांचे विषाणू असणार असं धरून चालायला हरकत नाही. दुसऱ्याचं उत्तर असं की माणसाच्या कोणत्याही आजाराशी त्यांचा संबंध अजून पक्का सिद्ध झालेला नाही. मुलं सुटकेचा श्वास टाकतात आणि विषय तिथेच संपतो. मला मात्र त्यापुढचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. ज्या पेशीत हा विषाणू शिरतो त्या पेशीचं काय होतं? ती मरते, एवढं उत्तर पाठ्यपुस्तकात मिळतं. ते खोटं नाही, पण त्यात गोष्टीचा फार थोडा भाग येतो. पेशीकडे काही मिनिटं बघितलं तर एक चित्र दिसतं, काही पिढ्या बघितलं तर दुसरं, आणि कोट्यवधी वर्षांचा हिशेब मांडला तर चित्र इतकं बदलतं की विषाणू कुठे संपतो आणि पेशी कुठे सुरू होते हेच सांगणं अवघड होतं.

आधी हे महाकाय म्हणजे किती मोठे ते पाहू. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात न्यूमोनियाच्या साथीचा शोध घेताना एका कूलिंग टॉवरच्या पाण्यात अमिबाच्या आत एक गोल जीव दिसला. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसला म्हणून तो जिवाणूच असणार असं सगळ्यांनी धरलं, आणि तो नमुना काही वर्षं तसाच पडून राहिला. पुढे फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या शास्त्रज्ञांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, तेव्हा वीस त्रिकोणी बाजूंचं, विषाणूंना शोभणारं कवच दिसलं. २००३ मध्ये मिमिव्हायरस हे नाव जाहीर झालं. त्याच्या डीएनएत सुमारे १२ लाख अक्षरजोड्या आहेत. एचआयव्हीच्या जनुकसंचात जेमतेम दहा हजारांच्या आसपास अक्षरं असतात, यावरून अंदाज यावा. २०१३ मध्ये शांतल आबेर्जेल आणि जाँ-मिशेल क्लाव्हरी यांच्या गटाने चिलीच्या किनाऱ्यावरच्या गाळातून पॅन्डोराव्हायरस शोधला. त्याचा जनुकसंच जवळजवळ २५ लाख जोड्यांचा निघाला. पुढच्याच वर्षी सायबेरियातल्या ३० हजार वर्षं गोठलेल्या जमिनीतून पिथोव्हायरस मिळाला. त्याची लांबी दीड मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कित्येक जिवाणूंहून जास्त. प्रयोगशाळेत आणल्यावर त्याने आजच्या अमिबाला लागणही केली.

इतके मोठे असून ते शतकभर नजरेआड राहिले, याला कारण एक सवय. विषाणू शोधायचा तर पाणी ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं, खाली उतरेल त्यात विषाणू, वर राहील ते जिवाणू आणि कचरा, असं विषाणूशास्त्र सुरुवातीपासून मानत आलं. महाकाय विषाणू त्या गाळणीच्या वरच अडकत होते आणि वरचं कोणी बघत नव्हतं.

आता पेशीच्या आत जाऊ. पहिले काही तास.

अमिबा भूक लागली की आजूबाजूचे जिवाणू गिळतो. मिमिव्हायरस जिवाणूएवढाच असल्यामुळे अमिबा त्यालाही गिळतो, म्हणजे दार अमिबाच उघडतो. आत गेल्यावर विषाणूच्या कवचाच्या एका टोकावरची पाच पाकळ्यांची जागा उघडते. आतलं पटल अमिबाच्या अन्नकोशाच्या पटलाला जोडलं जातं आणि विषाणूचा गाभा पेशीद्रवात उतरतो. बहुतेक डीएनए विषाणू नक्कल करून घ्यायला पेशीच्या केंद्रकात जातात. मिमिव्हायरस जात नाही. डीएनएवरून आरएनए बनवायची यंत्रणा तो स्वतःसोबत घेऊन आलेला असतो. पेशीद्रवातच तो आपलं एक वेगळं ठाणं उभारतो. शास्त्रज्ञ त्याला विषाणूचा कारखाना म्हणतात. हा कारखाना वाढत वाढत अमिबाच्या केंद्रकाएवढा होतो. एका बाजूने डीएनए, दुसऱ्या बाजूने कवचं, आणि सुमारे बारा तासांत अमिबा फुटून शेकडो कण बाहेर.

या बारा तासांतल्या मधल्या वेळेकडे फ्रेंच शास्त्रज्ञ पॅट्रिक फोर्तेर यांनी वेगळ्या नजरेने पाहिलं. त्यांचं म्हणणं असं की बाहेर पडणारे ते कण म्हणजे विषाणूचा खरा जीव नव्हेच, ते फक्त प्रवासाचं रूप. विषाणू जगतो तो पेशीत शिरल्यावर. त्या वेळी ती पेशी अमिबाची उरत नाही, कारण तिच्यात काय बनवायचं, कशासाठी ऊर्जा खर्च करायची, हे सगळं विषाणूचा जनुकसंच ठरवतो. फोर्तेर यांनी अशा पेशीला विषाणुपेशी म्हटलं. सगळ्यांना ही कल्पना पटलेली नाही, पण मला ती उपयोगी वाटते. "पेशीला लागण झाली" म्हटलं की पेशी नुसती सोसते आहे असं वाटतं. "विषाणुपेशी" म्हटलं की तिच्यात काय काय नवं सुरू झालं हे विचारावंसं वाटतं.

आणि नवं खूप सुरू होतं. याचं सर्वात बारकाईने अभ्यासलेलं उदाहरण गोड्या पाण्यातल्या क्लोरेला नावाच्या हिरव्या शैवालाचं आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात जेम्स व्हॅन एटन यांनी १९८० च्या दशकापासून त्याच्या विषाणूंवर काम केलं. महाकाय विषाणू हा शब्दही तेव्हा रूढ नव्हता. हा विषाणू पेशीच्या भिंतीला चिकटतो, आपल्या विकराने तिला भोक पाडतो आणि पटलात पोटॅशियमचा एक छोटा मार्ग बसवतो. हा मार्ग बनवणाऱ्या प्रथिनात फक्त ९४ अमिनो आम्लं आहेत. त्याहून लहान पोटॅशियम मार्ग सजीवांत क्वचितच आढळतात. त्यातून पोटॅशियम बाहेर वाहून गेलं की पेशीच्या पटलावरचा विद्युतभार उतरतो, आतला दाब कमी होतो आणि विषाणूचा डीएनए आत जायला वाट मिळते. याच बदलामुळे दुसऱ्या विषाणूला त्या पेशीत शिरणं कठीण होतं. पाच-दहा मिनिटांत विषाणूची जनुकं बोलू लागतात आणि शैवालाच्या स्वतःच्या गुणसूत्रांचे तुकडे पडायला लागतात. विषाणूच्या काही जातींची लागण झाली तर पेशीच्या बाहेर हायल्युरोनानचा थर येतो. सांध्यांतल्या वंगणात आणि त्वचेत असणारी ही साखळी प्राण्यांची म्हणून ओळखली जाते, शैवाल ती कधी बनवत नाही. तिचं जनुक विषाणूकडे आहे. सहा ते आठ तासांत ती पेशी फुटते. पण त्याआधीचे काही तास ती एक असा जीव असते, जो तिच्या सगळ्या पूर्वजांत कधी नव्हता.

समुद्रात याहून आश्चर्याची उदाहरणं मिळतात. ऑस्ट्रिओकॉकस हे जगातलं सर्वात लहान केंद्रकवालं स्वतंत्र शैवाल, मायक्रॉनहूनही थोडं लहान. ते १९९४ मध्ये फ्रान्सच्या एका खाडीत सापडलं. त्याच्या एका विषाणूकडे अमोनियम आत ओढणाऱ्या प्रथिनाचं जनुक आहे, आणि ते त्याने शैवालाकडूनच उचललेलं. समुद्राच्या वरच्या थरात नायट्रोजन नेहमी तुटपुंजा असतो. शेकडो नवे कण बनवायचे तर डीएनए आणि प्रथिनं हवीत, म्हणजे नायट्रोजन हवा. विषाणू ते जनुक चालू करतो आणि मरणाऱ्या पेशीचं अन्न घेणं बदलून जातं. हे २०१७ मध्ये प्रयोगातून दाखवलं गेलं. प्रशांत महासागरातल्या एका एकपेशीय भक्षकाच्या विषाणूत तर रोडॉप्सिन नावाच्या प्रथिनाची जनुकं आणि ते चालवणारं रंगद्रव्य बनवायचा सगळा मार्ग सापडला. रोडॉप्सिन प्रकाश घेऊन ऊर्जा मिळवायला मदत करतं. हा भक्षक स्वतः प्रकाशावर जगत नाही. लागण झाल्यावर मात्र त्याच्या पेशीत उन्हाचा उपयोग करणारी यंत्रणा बसण्याची शक्यता तयार होते.

जगभरच्या समुद्राच्या पाण्यातून थेट डीएनए वाचून २०२० मध्ये महाकाय विषाणूंचे शेकडो जनुकसंच जुळवले गेले. त्यांत साखर फोडणाऱ्या विकरांची, प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनांची, पेशीचा सांगाडा हलवणाऱ्या ॲक्टिन आणि मायोसिनची जनुकं वारंवार दिसली. ती अपवाद म्हणून सोडून देता येणार नाहीत. आपण ज्याला पेशीचा चयापचय म्हणतो त्याचा मोठा भाग विषाणूंकडेही लिहिलेला आहे, आणि ज्या पेशीत ते शिरतात तिथे तो चालू होतो.

एक पेशी मरणं वेगळं आणि साऱ्या थव्यावर साथ येणं वेगळं. इथे काळाचं माप तासांवरून दिवसांवर जातं.

एमिलिआनिया हक्सलेई हे समुद्री शैवाल अंगावर खडूच्या नक्षीदार चकत्या बाळगतं. ते फोफावलं की शेकडो किलोमीटर समुद्र दुधट निळा दिसतो, उपग्रहातूनही दिसतो. आणि मग काही दिवसांत तो रंग नाहीसा होतो. १९९९ मध्ये इंग्लिश खाडीतल्या अशाच एका फुलोऱ्यातून त्याचा विषाणू वेगळा केला गेला आणि २००५ मध्ये त्याच्या डीएनएच्या ४ लाख ७ हजार जोड्या वाचल्या गेल्या. त्यांत स्फिंगोलिपिड नावाचे मेद बनवणाऱ्या जनुकांचा जवळजवळ पूर्ण मार्ग होता. विषाणू हे मेद आपल्या पटलासाठी वापरतो. पण ते ठरावीक प्रमाणाबाहेर साठले की शैवालाची पेशी स्वतःला मारून घेण्याचा कार्यक्रम सुरू करते. हा कार्यक्रम पेशीकडे आधीपासून होता, विषाणूने फक्त त्याची वेळ ठरवली. इस्रायलमधल्या असाफ वार्डी यांच्या गटाने हे बारकाईने उलगडलं. त्यांचा अभ्यास मला विशेष आवडतो, कारण मेदाच्या एका रेणूपासून उपग्रहाच्या छायाचित्रापर्यंत एकच धागा त्यांनी धरून ठेवला.

या शैवालाकडे सुटकेचीही एक वाट आहे. त्याच्या आयुष्यात दोन रूपं असतात. चकत्या असलेल्या रूपात गुणसूत्रांचे दोन संच, आणि दुसऱ्या रूपात एकच संच, चकत्या नाहीत, पोहायला दोन कशाभिका. २००८ मध्ये दिसून आलं की हे एकेरी रूप त्या विषाणूला दादच देत नाही. साथ आली की काही पेशी दुसऱ्या रूपात जातात आणि वाचतात. पुढच्या पिढ्या त्यांच्यापासून होतात. साथीत किती पेशी मेल्या हे आपण मोजतो, पण उरलेल्या पेशी पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत हे सहसा मोजत नाही.

ऑस्ट्रिओकॉकसमध्ये हाच बदल गुणसूत्रावर दिसतो. त्याचं १९ वं गुणसूत्र बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे, एका वंशात लांब तर दुसऱ्यात आखूड. विषाणूच्या मारातून वाचलेल्या वंशांचा २०१६ मध्ये अभ्यास झाला. त्यांच्यात याच गुणसूत्राची लांबी बदललेली होती आणि त्यावरची बरीच जनुकं जोरात चालू होती. विषाणूशी झुंज देण्यासाठी एक अख्खं गुणसूत्र वेगाने बदलत ठेवायचं, असा काहीसा प्रकार या इवल्या शैवालात घडलेला आहे.

आता असा प्रसंग घ्या की विषाणू शिरतो, पण पेशी फोडत नाही. आपला डीएनए तिच्या डीएनएत मिसळून टाकतो आणि गप्प बसतो. पेशी दुभंगली की तोही दुभंगतो, फुकट.

हणजूणच्या खडकांवर ओहोटीला तपकिरी समुद्रशैवाल दिसतं, सार्गासम त्यातलं सर्वांना माहीत असलेलं. एक्टोकार्पस हे त्याच तपकिरी गटातलं, तंतूसारखं, जगभर आढळणारं शैवाल. त्याचा विषाणू फक्त भिंत नसलेल्या पोहणाऱ्या बीजपेशीत शिरतो आणि तिच्या गुणसूत्रात बसतो. त्या एका पेशीपासून वाढलेल्या अख्ख्या शैवालाच्या प्रत्येक पेशीत मग तो असतो. शैवाल निरोगी वाढतं. प्रजननाचे अवयव तयार व्हायला लागले की त्याच जागी विषाणू जागा होतो आणि बीजांऐवजी तिथून विषाणूचे कण बाहेर पडतात. २०१० मध्ये एक्टोकार्पसचा जनुकसंच वाचला तेव्हा प्रयोगशाळेतल्या त्या निरोगी वंशातही एक अख्खा विषाणू गुणसूत्रात सापडला. तो मुका पडलेला होता.

हिरव्या शैवालांत काय आहे हे बघायला व्हर्जिनियात फ्रँक आयलवर्ड यांच्या गटाने ६५ जनुकसंच चाळले. २०२० मध्ये त्यांनी जे मांडलं ते वाचून मी ती पानं पुन्हा वाचली होती. १२ जातींत महाकाय विषाणूंचे मोठमोठे तुकडे गुणसूत्रांत शिरलेले होते. सर्वात मोठा सुमारे १९ लाख जोड्यांचा. काही शैवालांत एकूण जनुकांपैकी दहा टक्क्यांपर्यंत जनुकं अशी विषाणूकडून आलेली. आणि ती तिथे जशीच्या तशी नव्हती. त्यांच्या प्रती वाढल्या होत्या, त्यांच्यामध्ये पेशीच्या जनुकांत असतात तसे मधले तुकडे घुसले होते. म्हणजे शैवालाने त्यांना आपल्या पद्धतीने वापरायला आणि बदलायला घेतलं होतं. एका झटक्यात शेकडो नवी जनुकं मिळणं हे उत्क्रांतीत एरवी फार दुर्मिळ. एखादं जनुक इकडून तिकडे जातं हे आपण शिकवतो. एवढं मोठं गाठोडं एकदम येतं हे आता शिकवायला हवं.

या गटाचंच २०२५ मधलं काम क्लॅमिडोमोनासवर आहे. अकरावीच्या पुस्तकात ज्याची आकृती असते तेच हे दोन कशाभिकांचं हिरवं शैवाल. जगभरच्या प्रयोगशाळा अनेक दशकं ते वाढवत आहेत. त्याच्या एका वंशात सहा लाखांहून जास्त जोड्यांचा महाकाय विषाणू गुणसूत्रात झोपलेला मिळाला. तो पुरता झोपलेलाही नव्हता. संवर्धनात अधूनमधून त्याचे कण तयार होत होते आणि तरी शैवाल नेहमीसारखं वाढत होतं. त्यामुळे कोणाला संशयच आला नव्हता. याचा अर्थ असा की आपण ज्याला निखळ शैवाल म्हणून अभ्यासतो त्यात दुसरा जनुकसंच काम करत असू शकतो. जुने निष्कर्ष लगेच मोडीत निघतात असं नाही, पण आपण कोणाच्या पेशीवर प्रयोग केला हे पुन्हा विचारावं लागेल.

विषाणूलाही विषाणू लागतो, हे महाकाय विषाणूंनीच शिकवलं. २००८ मध्ये पॅरिसच्या एका कूलिंग टॉवरमधल्या महाकाय विषाणूच्या कारखान्यात वाढणारा स्पुटनिक हा छोटा विषाणू मिळाला. तो असला की मोठ्या विषाणूचे कण कमी आणि वेडेवाकडे बनतात. त्याच्या भाऊबंदांपैकी माव्हायरसची गोष्ट सर्वात विलक्षण आहे. समुद्रातल्या एका एकपेशीय भक्षकाला एक महाकाय विषाणू मारतो. माव्हायरस या भक्षकाच्या गुणसूत्रात आधीच शिरून बसलेला असतो. मारेकरी आला की त्याची चाहूल माव्हायरसला जागं करते, आणि तो मारेकऱ्याचीच यंत्रणा वापरून वाढतो. जिथे हे घडतं ती पेशी वाचत नाही, तीही मरते. पण ती फुटली की तिच्यातून मोठ्या प्रमाणावर माव्हायरस बाहेर पडतो आणि शेजारच्या पेशींना मारेकऱ्यापासून वाचवतो. जर्मनीत मथियास फिशर आणि थॉमस हाक्ल यांनी हे २०१६ मध्ये दाखवलं. इथे पेशीचं रक्षण करणारी गोष्ट तिची स्वतःची नव्हे, तिच्यात वस्तीला आलेला परका जनुकसंच आहे. पिढ्यान्‌पिढ्या तो बरोबर राहिला की त्याला परका म्हणायचं का?

हिवाळ्यात कधीकधी गोव्याच्या किनाऱ्यावर रात्री लाट फुटताना निळसर उजेड दिसतो. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात, मासेमारी करणाऱ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तो बहुतेक वेळा नॉक्टिल्यूका या एकपेशीय जिवाचा. तिचं कूळ डायनोफ्लॅजेलेट्सचं. मांडवीच्या मुखाशी पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर याच कुळातलं तीन शिंगांचं सेरेशियम दिसू शकतं. हे कूळ जुनं आहे, त्यांच्या कोशांचे जीवाश्म २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे मिळतात. आणि त्यांच्या पेशीत एक अशी गोष्ट आहे, जी बाकी जवळजवळ कोणत्याच केंद्रकवाल्या जिवात नाही.

आपल्या, झाडांच्या, बुरशीच्या पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. कोणता दोरा सैल करायचा आणि कोणता आवळायचा यावर कोणतं जनुक वाचलं जाणार हे ठरतं. हिस्टोन इतके मूलभूत की वाटाण्यातले आणि गाईतले जवळजवळ सारखेच. डायनोफ्लॅजेलेट्सनी मात्र हे रीळ बाजूला सारलं. त्यांचे हिस्टोन नावापुरते उरले, डीएनए वेगळ्याच पद्धतीने घट्ट बांधला गेला, आणि जनुकसंच इतका फुगला की काही जातींत तो माणसाच्या कितीतरी पट मोठा आहे. २०१२ मध्ये रॉस वॉलर यांच्या गटाला त्यांच्या केंद्रकात हिस्टोनच्या जागी काम करणारं एक प्रथिन मिळालं. त्याचा सर्वात जवळचा नातेवाईक शोधला तर तो शैवालांच्या मोठ्या डीएनए विषाणूंत निघाला. कधीतरी या कुळाच्या पूर्वजाने एका विषाणूकडून हे प्रथिन घेतलं, आणि पेशीच्या डीएनएची बांधणीच त्याने बदलून टाकली.

असा बदल पेशीने सहन कसा केला असेल? २०१८ मध्ये निकोलस अर्विन आणि पॅट्रिक कीलिंग यांच्या गटाने ते प्रथिन यीस्टमध्ये घालून पाहिलं. यीस्टची वाढ खुंटली. ते प्रथिन डीएनएला बिलगून हिस्टोनची जागा अडवत होतं. पण यीस्टमधले हिस्टोन कमी केले तर त्रासही कमी झाला. त्यातून त्यांनी एक वाट सुचवली. विषाणूचं प्रथिन मुळात पेशीचं काम बंद पाडायला आलेलं असावं. ज्या पेशींनी हिस्टोन कमी केले त्या तगल्या, आणि पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तसं ते प्रथिनच त्यांच्या डीएनएचा मुख्य आधार झालं. एक सावधगिरीची सूचना इथे करते. नॉक्टिल्यूका या कुळाची वेगळी शाखा आहे, आयुष्यातल्या एका टप्प्यात तिचं केंद्रक बाकी भाऊबंदांसारखं दिसत नाही. म्हणून वर सांगितलेलं सगळं तिच्यावर जसंच्या तसं चिकटवू नये. पण तिच्या साऱ्या गोतावळ्यावर त्या एका विषाणूचा ठसा आहे.

उलट दिशेचा पुरावाही आहे. मार्सेयव्हायरस या महाकाय विषाणूंकडे स्वतःचे हिस्टोन आहेत, दोन-दोन एकमेकांना जोडलेले, आणि त्यांच्याभोवती हे विषाणू स्वतःचा डीएनए आपल्या पेशींसारखाच गुंडाळतात हे २०२१ मध्ये दिसलं. कुर्लाव्हायरस याच कुळातला. जपानमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यातून मिळालेला आणि २०१९ मध्ये जाहीर झालेला मेडुसाव्हायरस तर पाचही प्रकारचे हिस्टोन बाळगतो. त्याच्या लागणीने काही अमिबा टणक कवच धरून निपचित पडतात. या विषाणूंनी हिस्टोन पेशींकडून घेतले की पेशींनी त्यांच्याकडून, यावर वाद चालू आहे. २००१ मध्ये फिलिप बेल आणि मासाहारू ताकेमुरा यांनी वेगवेगळ्या मार्गाने एक धाडसी कल्पना मांडली होती की केंद्रक ही रचनाच एखाद्या मोठ्या डीएनए विषाणूच्या कारखान्यातून आली असेल. मला ही कल्पना मोहक वाटते, पण पुरावा अजून तिच्या बाजूने पुरेसा नाही, आणि वर्गात ती सांगताना मी तसं स्पष्ट सांगते. ज्याला भक्कम आधार आहे ते असं की केंद्रकवाल्या पेशी घडत होत्या तेव्हापासून महाकाय विषाणूंचे पूर्वज त्यांच्याबरोबर होते, आणि डीएनए वाचणाऱ्या काही विकरांची देवाणघेवाण त्या काळात झालेली दिसते.

हे सगळं बाहेरच्या पाण्यांत पाहिलेलं आहे. गोव्यात बघायचं तर मी मांडवीचं मुख निवडेन. पावसाळ्यात तिथल्या वरच्या थराचं पाणी जवळजवळ गोडं होतं. एप्रिल-मेमध्ये खारं पाणी नदीत कित्येक किलोमीटर आत शिरतं. त्याबरोबर तिथली शैवालं बदलतात, आणि कोणत्या शैवालाला कोणता विषाणू भेटतो हेही दरवर्षी नव्याने जुळतं. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, कॉलेजांत सूक्ष्मदर्शक आहेत, आणि अरबी समुद्रातल्या फुलोऱ्यांवर हेल्गा गोम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये केलेल्या कामाने नॉक्टिल्यूकाचा फैलाव आणि पाण्यातला कमी होणारा प्राणवायू यांचं नातं आधीच समोर ठेवलं आहे. मला हवी आहेत ती उत्तरं साधी आहेत. पावसाआधी आणि पावसानंतर गोळा केलेल्या त्याच जातीच्या शैवालाला तोच विषाणू सारख्याच प्रमाणात मारतो का? वाचलेल्या वंशांच्या गुणसूत्रांत काय बदललं? आणि जे वंश कधीच आजारी दिसत नाहीत त्यांच्या डीएनएत कोण बसलं आहे? पहिल्या प्रश्नाला शैवालाची संवर्धनं, काही चंबू आणि दोन ऋतू पुरतात. बाकीच्या दोन्हींसाठी डीएनए वाचावा लागेल, आणि तो वाचण्याचा खर्च दरवर्षी उतरतो आहे.